बोगद्यापलीकडची चूल

आमच्या रत्नागिरीत रेल्वे नव्हती. मुंबईला जायचं तर बंदरावरून आगबोट, कोल्हापूरला जायचं तर आंबा घाटातून मोटार. पण आमच्या घरात मात्र रेल्वे होती. दोन स्टेशनं, एक घाट, एक पूल, एक बोगदा, सगळं होतं. आणि ते मांडलेलं कुठे, तर बाळंतिणीच्या खोलीत. ऐकणाऱ्याला याचं हसू येतं. मला कधी आलं नाही.

अजून लोक त्या रेल्वेची आठवण काढतात. परवाच देवळात एक गृहस्थ भेटले, म्हणाले, "काय तुमच्या यजमानांची कला होती हो! लहानपणी बघितलेली ती गाडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही." मी म्हटलं, "हो, कला होती खरी." दुसरं काय म्हणणार? देवळात उभं राहून नवऱ्याची उणीदुणी काढायची नसतात, आणि ते तर आता या जगात नाहीतही. पण लिहायला कोणाची चोरी आहे? माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला लिहायला शिकवलं ते काही नुसती वाण्याची यादी करायला नव्हे.

आमचे हे मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लग्न झालं तेव्हापासून मी इकडे आणि ते तिकडे. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. दर वेळी निघताना म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुला नेतो, आगगाडीत बसवतो." ती पुढची खेप काही आली नाही. आधी सासूसासरे आजारी, मग ते दोघे गेले, मग मुलगी लहान, मग कलमांकडे कोण बघणार. कारणांना काय तोटा? मुलगी एकच. ती सासरी जायच्या वयाची झाली तरी मी आगगाडी चित्रातच बघितलेली होती.

मग एका वर्षी, मिठाच्या सत्याग्रहाच्या बऱ्याच आधी, कारखान्यातल्या यंत्राने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं पेर नेलं. फिटरचा हातच गेला म्हणजे काय राहिलं? ते घरी आले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. चार महिने माणूस ओटीवर बसून राहिला. कोणाशी बोलणं नाही, जेवणावर वासना नाही. शेजारीपाजारी कुजबुजायला लागले. मी देवाला नवस बोलले, आणि त्या नवसाला देव असा काही पावला की काय सांगू कपाळ!

एका दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. आत चावीचं इंजिन होतं, पत्र्याचं, हिरव्या रंगाचं, विलायती. चार डबे आणि जुडीने बांधलेले पत्र्याचे रूळ. कोणी गोरा साहेब मायदेशी जाताना पोराचं मोडलेलं खेळणं टाकून गेला होता, ते ह्यांनी उचलून आणलेलं. माजघरात रुळांचं कडं मांडलं, इंजिनाला चावी दिली, आणि ते खडखड करत दीड वेढा फिरून थांबलं. हे हसले. चार महिन्यांनी माणूस हसला! मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे म्हटलं, "इथे पायात येईल. आतल्या खोलीत मांडा की." आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आतली खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली, एका लहान खिडकीची, काळोखी. दोन्हींच्या मधल्या भिंतीला चूल, म्हणून ती पावसाळ्यातही उबदार असायची. बाळंतिणीची बाज तिथेच पडायची. सासूबाईंची पाच बाळंतपणं तिथेच झाली होती, माझी मुलगी तिथेच झाली. एरवी तिथे नारळ आणि भाताची कणगी असायची. मी म्हटलं, चार दिवस खेळू देत.

चार दिवसांची चार वर्षं झाली. रुळांचं कडं त्यांना पुरेना. भिंतीला फळ्या ठोकल्या, त्यांच्यावर माती, चिऱ्याचा भुगा आणि शेण कालवून घाट उठवला. सुरूच्या डहाळ्यांची झाडं, आरशाच्या तुकड्याचं तळं, विहिरीच्या काठचं शेवाळ आणून केलेली शेतं. सिग्नलच्या काठीला शेंदूर आणि चुना. एका स्टेशनावर पाटी 'मुंबई' आणि दुसऱ्यावर 'रत्नागिरी'. ती पाटी वाचून लोक म्हणायचे, "सरकारला जमलं नाही ते तुम्ही केलंत!" आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे.

पण हे सगळं केलं कोणी? ह्यांचा हात तर असा. बारीक काम म्हटलं की वस्तू निसटायची, मग संतापून भिंतीवर फेकायचे. तेव्हा हे खुर्चीवर बसणार, सांगणार, आणि मी करणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, तसं. रूळ कमी पडले की रॉकेलचा डबा उघडून त्याच्या पट्ट्या मी कापल्या, त्यांना घडी मी घातली, कथलाचे डाग देऊन त्या मी जोडल्या. दोन रुळांमधलं अंतर मोजायला त्यांनी बांबूची एक कामटी करून दिली होती. ती कामटी माझ्या कमरेला किल्ल्यांच्या शेजारी असायची. वळणावर डबा घसरला की मी कामटी लावून बघायची आणि कुठे फाकलंय ते ह्यांच्याआधी सांगायची. चावीने गुंडाळते ती इंजिनातली पोलादी कमान तुटली तेव्हा ती बाहेर काढताना सुटून माझ्या भिवईला लागली. तो वण अजून आहे. त्यानंतर इंजिन उघडायला आमच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

चुकाही मीच केल्या, नाही कशाला म्हणू? पहिल्या वर्षी इंजिनाच्या चक्रांना खोबरेल तेल घातलं. आमच्याकडे बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला तेच. माघात गारठा पडला, तेल आत थिजलं आणि इंजिन घट्ट झालं. हे ओरडले, मी रडले, मग शिंप्याकडून शिवणयंत्राचं तेल आणलं. रूळ कळकट दिसले म्हणून मी त्यांना चिंच लावली, देवाची उपकरणी घासतात तशी. त्या वेळी लखलखीत झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे तांबडे!

समुद्राची हवा. आमच्याकडे अडकित्ता दोन दिवस बाहेर राहिला तर तांबारतो, तिथे पातळ पत्र्याचे रूळ काय टिकणार? मग रोज सकाळी देवपूजेआधी हे काम आलं. कोरडी राख आणि नारळाची शेंडी घेऊन रूळ वरून, आतून, बाहेरून घासायचे, फडक्याने पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि तो पुन्हा कोरडा करायचा, नाहीतर घाटावर चाकं जागच्या जागी फिरतात. खालच्या पट्ट्यासुद्धा चकाकल्या पाहिजेत. एक डाग राहिला की हे म्हणायचे, "रेल्वेत असं चालत नाही. तिथे रूळ आरशासारखे असतात, तोंड बघून घ्यावं." मी कुठे रेल्वे बघितली होती? मी मान खाली घालून घासायची. पावसाळ्यात तर दोनदा.

आणि बोगदा! तो तर ह्यांच्या अकलेचा कळस. चावीची गाडी, ती किती फिरणार? तीन वेढ्यांत चावी संपते. बघायला आलेल्या माणसांसमोर गाडी अडली की ह्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून ह्यांनी मधल्या भिंतीला, चुलीच्या बाजूला, दोन भोकं पाडली. गाडी एकातून स्वयंपाकघरात शिरायची, फळीवरून वळायची आणि दुसऱ्यातून परत जायची. खोलीतून बघणाऱ्याला वाटायचं बोगदा आहे. बोगद्यापलीकडे मी. गाडी आली की पकडायची, झरझर चावी द्यायची, परत सोडायची. तिकडे लोक बोटं तोंडात घालायचे, "काय हो, ही थांबत कशी नाही?" हे म्हणायचे, "आहे एक युक्ती."

ती युक्ती एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताने इंजिन वळवायची. लाकडं ओली असली की धूर भोकातून तिकडे जायचा आणि पाहुणे म्हणायचे, "वा, इंजिनाला धूरसुद्धा!" माझे डोळे चुरचुरत असायचे. शेजारची वहिनी मागल्या दाराने यायची आणि मला म्हणायची, "काय गो, तुझी गाडी लागली काय फलाटाला? मग कालवण कधी होणार?"

आता मुलीकडे येते. तिला स्थळं तीन आली होती. एक राजापूरचं, सुपारी-काजूचा व्यापार, माणसं ओळखीची. दुसरं हेदवीचं. तिसरं पार घाटावर, मिरजेच्या पुढे एका आडवळणाच्या स्टेशनावर मुलगा तारबाबू होता. मी म्हटलं, राजापूर. हे म्हणाले, "मुलगा रेल्वेत आहे. बास." एवढंच. दाराशी स्टेशन, खिडकीतून गाडी दिसते, याच्यावर मुलगी दिली. घाटापलीकडे, जिथे मला जायला दोन दिवस लागतील तिथे. मुलगी जाताना खोलीत जाऊन गाडीला हात लावून आली. गाडी मांडल्यापासून तिला त्या खोलीत फार वावरू दिलेलं नव्हतं, परकराचा घोळ लागून झाडं पडतात म्हणून.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तिला दिवस असल्याचं पत्र आलं. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय आहे? आमच्याकडे तर पाऊस लागायच्या आत आणावी लागणार, नाहीतर घाटात त्या अवघडलेल्या पोरीला मोटारीचे धक्के कोण खायला लावील? मी त्याच दिवशी म्हटलं, "खोली रिकामी करायला घ्या."

हे म्हणाले, "करू."

वैशाख लागला. मी पुन्हा म्हटलं. म्हणाले, "अगं, घाट मातीचा आहे, उचलायला गेलं की फुटेल. जरा बेताने." मी म्हटलं, फुटला तर पुन्हा करीन, हे हात कुठे गेलेत? म्हणाले, "बघू." भिजत घोंगडं. जेठात मी स्वतः बाज धुऊन उन्हात टाकली, डिंक आणला, हळीव आणले, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली. सगळं तयार. फक्त खोलीत मुंबई आणि रत्नागिरी मांडलेली. तिला ओटीवर ठेवू की देवासमोर? बाळंतिणीला काळोख लागतो, ऊब लागते, आडोसा लागतो. आमच्या घरात तो एकाच खोलीत होता.

पाऊस लागला. मी रोज विचारायची, तिला आणायला कधी निघता? हे दुसरीकडे बघायचे. मग आषाढात विहीणबाईंचं पत्र आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं आणि मी ते दारात उभ्या उभ्या वाचलं. अजून पाठ आहे. "आपल्या घरी खोलीची अडचण असल्याचे व सूनबाईंस इकडेच ठेवावे असे आपल्या पत्रावरून कळले. पहिलटकरणीस माहेरी न नेणे आमच्यात तरी ऐकिवात नाही. असो. सून आम्हांस जड नाही."

ह्यांनी मला न सांगता पत्र टाकलं होतं.

मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. जन्मात पहिल्यांदा ह्यांच्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, "खेळण्यासाठी पोरीचं माहेर मोडलंत! जळो मेली ती गाडी." हे म्हणाले, "तूच जा ना तिकडे बाळंतपणाला. अजून दिवस आहेत, आश्विन लागेल म्हणतात. गणपती होऊ देत, मी स्वतः तुला घेऊन जातो. कोल्हापूरपासून आगगाडीने." आणि हळूच म्हणाले, "कचेरीतले मोठे साहेब गणपतीत गाडी बघायला येणार आहेत. चौथ्या दिवशी. तू नसलीस तर कसं होणार?"

इथे मी खोटं लिहिणार नाही. मी गणपतीआधी निघू शकले असते. श्रावणात पावसाने चांगली आठ दिवस उघडीप दिली होती, मोटारी चालू होत्या, सोबतही होती. माझे पाय काय बांधले होते? पण मलाही वाटलं, साहेब येणार, सगळा गाव बघायला येणार, आपली गाडी एकदाही न अडता फिरली पाहिजे. ह्यांची म्हणून नव्हे, माझी. मी कापलेले रूळ, मी बसवलेली कमान. कोणीतरी एकदा विचारील, हे केलं कोणी? ही आशा मेली फार वाईट. मी राहिले.

साहेब आले. गणपतीला नमस्कार केला आणि खोलीत गेले, मागून सगळी आळी. मी भिंतीपलीकडे. त्या दिवशी गाडी बावीस वेळा माझ्या हातातून गेली. एकदाही घसरली नाही, एकदाही अडली नाही. साहेबांचा आवाज ऐकू आला, "अप्रतिम! एवढं बारीक काम या हाताने केलंत?" आणि ह्यांचा आवाज आला, "देवाची कृपा."

मी इंजिनाला चावी दिली आणि सोडलं. आणखी काय करणार?

गौरी-गणपती गेले, मी बोचकं बांधलं. तर हे म्हणाले, "साहेब पाहुण्यांना घेऊन पुन्हा येणार आहेत पुढच्या आठवड्यात. तेवढं झालं की निघू." मी म्हटलं, "तुम्ही राखा तुमची गाडी." शेजारचं एक म्हातारं जोडपं कोल्हापूरला अंबाबाईला निघालं होतं, त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीत बसले. घाटात दरड पडलेली. साखरप्याला दोन दिवस अडकून पडलो. धर्मशाळेत बसून मी एकेक दिवस बोटांवर मोजत होते आणि मनाला समजावत होते, आश्विन म्हणालेत, अजून वेळ आहे.

कोल्हापूरच्या स्टेशनावर गाडीला बराच अवकाश होता. म्हाताऱ्यांनी मला फलाटावर बायकांच्या बाकड्यावर बसवलं. मी उठून कडेला गेले आणि खाली वाकून बघितलं. इतकी वर्षं ज्यांची कीर्ती ऐकली ते खरे रूळ.

तांबडे होते. गंजलेले. बाजूने गंज, खाली गंज, खिळे गंजलेले, वर धूळ आणि शेण. आमच्या परसातल्या जुन्या पहारीसारखे. फक्त माथ्यावर बोटभर पट्टी चकाकत होती. मला वाटलं, हे टाकून दिलेले असतील. जवळच एक म्हातारा गडी रुळांमधली खडी सारखी करत होता. मी विचारलं, "बाबा, हे रूळ कोणी पुसत नाही का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. म्हणाला, "रूळ कोण पुसतंय, बाई? गाडी जातीया, तीच पुसती."

मी बाकड्यावर येऊन बसले. चार वर्षं. रोज सकाळी, पावसाळ्यात दोनदा. बोटांच्या पेरांत राख बसलेली ती धुऊन जात नसे. आणि हा माणूस पंचवीस वर्षं रेल्वेत होता, त्याला काय ठाऊक नव्हतं? मग गाडी आली. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसले, पण बाहेर काय दिसलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मुलीच्या दारात पोचले तर अंगणात दुपटी वाळत होती. माझी नव्हेत, माझी बोचक्यात होती. मी समजले. साहेब आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोकळी झाली होती. दिवसांचा अंदाज चुकला होता. मुलगा. दोन दिवस अडली होती म्हणे, सुईणीने हात टेकले होते, आणि पोर सारखी "आई, आई" करत होती. हे मला विहीणबाईंनी सांगितलं, अगदी सावकाश, चहाचा पेला पुढे करत. "तार म्हटली की माणसं घाबरतात, म्हणून पत्रच टाकलं," त्या म्हणाल्या. ते पत्र घाटात कुठेतरी माझ्या शेजारून गेलं असेल.

मी आत गेले. मुलगी बाजेवर, चेहरा पांढरा पडलेला. शेजारून गाडी गेली की भिंत हलायची, पण बाळ काही उठायचं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रडली नाही, रागावली नाही. तिने विचारलं, "आई, साहेबांसमोर गाडी नीट चालली ना?"

ह्यांनी तिला पत्रात कळवलं होतं, साहेब येणार म्हणून आई गणपतीनंतर निघेल.

मी म्हटलं, "चालली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बाळाकडे वळली.

मी तिथे पंधरा दिवस होते. तेल लावायला गेले तर म्हणायची, "राहू दे, सुईण येते ना." पाणी तापवायला उठले तर म्हणायची, "तू बस, दमली असशील प्रवासाने." पाहुण्याशी बोलतात ना, तसं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी पदरात घेतल्या असत्या. निघताना पाया पडली, नीट जा म्हणाली. शिवलेली दुपटी मी तिच्या उशाशी ठेवून आले.

घरी आले तर मागल्या दारात वहिनी वाटच बघत होती. "तुला कळलं काय गो? साहेबांचे पाहुणे आले, गाडी बोगद्यात शिरली ती शिरलीच! तुझ्या ह्यांनी धावत येऊन चावी द्यायला घेतली तर इंजिन हातातून चुलीत! सगळे तिकडे खोळंबलेले." ती पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू? मग ह्यांना बघितलं. ओटीवर बसले होते, पहिले चार महिने बसले होते तसे. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

त्यांनी बाळ कसं आहे विचारलं. मी सांगितलं. दोन दिवसांनी म्हणाले, "रूळ बघ काय झालेत. तू गेल्यापासून कोणी पुसले नाहीत."

मी म्हटलं, "खरे रूळ गंजलेलेच असतात. मी बघून आले. गाडी जाते तीच पुसते म्हणे. चालवा."

त्यांची मान खाली गेली. म्हणाले, "चकाकताना बरे दिसायचे."

एवढंच होतं त्याचं उत्तर. मी पुन्हा शेंडी हातात घेतली नाही. कामटी चुलीत घातली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रूळ इतके फुगले की सांध्यात बसेनात, घाटाला भेगा गेल्या, शेवाळ वाळून गळून पडलं. लोक गाडी बघायला यायचे, तर हे म्हणायचे, "दुरुस्तीला काढली आहे."

मग दोन वर्षांनी मुलीला पुन्हा दिवस असल्याचं पत्र आलं. ते वाचून हे उठले आणि खोलीत गेले. मला वाटलं, बसतील रुळांकडे बघत. पण फळ्या उपटण्याचा आवाज यायला लागला. त्या तुटक्या हाताने, मला एका शब्दाने न बोलावता, तीन दिवस ते खोली रिकामी करत होते. घाट पहारीने फोडला, माती पाट्यांनी बाहेर टाकली. इंजिन आणि डबे ट्रंकेत भरले. भिंतीतली दोन भोकं राहिली, ती मी बुजवली. चिऱ्याचे तुकडे कोंबले, चुना-माती लिंपली, वरून सारवलं. खोली झाडली, बाज आत घातली. मग हे म्हणाले, "तूच लिही तिला." मी लिहिलं, खोली रिकामी आहे, बाबांनी स्वतः केली, आणायला कधी येऊ ते कळव.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चार ओळींचं. तिने लिहिलं होतं, "माझी इथे नीट सोय आहे, काळजी करू नये. खोली रिकामी केल्याचे वाचले. बाबांना सांग, गाडी पुन्हा मांडा. मला खोली आता लागणार नाही."

तिला पुढे चार मुलं झाली. चारही तिकडेच.

मी ते पत्र ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी केली, चष्मा काढून पुसला. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग मांडायची का पुन्हा?"

मी चुलीत लाकूड सारत होते. म्हटलं, "मांडा हवी तर. पण या भिंतीला आता भोक पाडायचं नाही."

त्यांनी ती पुन्हा मांडली नाही.